बोटभर आटलेलं गाव

मी लठ्ठा. नाव ऐकून हसू नका. आमच्या माळव्यात पटवाऱ्याजवळ, म्हणजे तुमच्या तलाठ्याजवळ, गावाचा नकाशा असतो ना, जाड सुती कापडावर काढलेला, त्याला लठ्ठा म्हणतात. कागद घडीवर फाटतो, पावसात त्याचा लगदा होतो, बांधावर वारा सुटला की उडून जातो. माझं तसं नाही. पन्नास वर्षं झाली, मी अजून एकसंध आहे. पिवळा पडलोय, एका कोपऱ्यात उंदराने चाखून पाहिलंय, पण मला टेबलावर पसरा, आख्खं सेमलखेडी गाव तुमच्यासमोर हजर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर मला चैन पडायचं नाही. माझ्यापायी एका बाईची जमीन जाता जाता राहिली. अडीच बिघे, म्हणजे तिचं सगळं काही. मी कापड, मला जसं ठेवलं तसा मी राहिलो, माझा काय दोष, असं मी म्हणू शकतो. पण आटलो तर मीच होतो.

माझा जन्म उज्जैनचा. कापूस इथल्या काळ्या मातीतला आणि गिरणीही इथलीच. तेव्हा शहरात गिरणीचे भोंगे वाजायचे आणि लोक त्यावर घड्याळं लावायचे. कापडाची एक गंमत सांगतो, ती ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. मागावर लांबीचे धागे खूप ताणून बसवतात आणि आडवे धागे त्यातून आरामात ये-जा करतात. लांबीच्या धाग्यांच्या अंगात तो ताण राहूनच जातो.

माझ्याच ताग्यातली भावंडं भैरवगढला कापडावर ठसे उमटवणाऱ्या छिप्यांकडे गेली. कुणावर लाल बुट्ट्या उमटल्या, कुणाची चादर झाली, कुणाची ओढणी. मला वाटायचं आपल्यावरही एखादा मोर येईल. आला तो पटवारी.

दत्तात्रय पुंडलिक त्याचं नाव. वय पंचवीस, नोकरी नवी आणि मिशी त्याहून नवी. त्यांचे कुणी खापरपणजोबा शिंद्यांच्या दफ्तरात लिहिणावळीला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाजारात हिंदी, खेड्यात मालवी, असं तिन्ही एका दमात बोलणारं हे कुटुंब. पुढे सगळे त्यांना अण्णा म्हणायला लागले, तेव्हा मीही अण्णाच म्हणतो.

अण्णांनी मला खळ लावून कडक केलं, वर काचेच्या गोट्याने घोटलं. दफ्तरातला जुना कागदी नकाशा समोर ठेवून, पक्क्या काळ्या शाईने, तीन आठवडे मान मोडून त्यांनी माझ्यावर गाव काढलं. एकेक शेत, एकेक नाला, विहिरी, स्मशान, चरनोई. चरनोई म्हणजे गावच्या गुरांना चरायला सोडलेली सरकारी जमीन, ती अगदी पश्चिम टोकाला. आणि माझ्या लांबीच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेला, चांदा. चांदा म्हणजे जमिनीत पक्का गाडलेला दगड, गावची सगळी मोजणी त्याच्यापासून सुरू होते.

नकाशा झाल्यावर अण्णांना काम शिकवणारे म्हातारे कानूनगो, म्हणजे पटवाऱ्यांच्या वरचे साहेब, तपासायला आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "कपड़े का भरोसा नहीं, दत्तू. पैमाना दोनों तरफ़ खींच." मला राग आला. माझ्या तोंडावर माझा भरोसा नाही म्हणतात! पण अण्णांनी मुकाट माझ्या कडेला मापाच्या दोन रेघा ओढल्या, एक लांबीकडून, एक रुंदीकडून. दोन्ही बरोबर वीस सेंटीमीटरच्या, प्रत्येक सेंटीमीटरला बारीक खूण. खाली सही केली, द. वि. पुंडलिक, पटवारी, १९७५.

दुसऱ्याच वर्षी मोठी धामधूम झाली. ज्यांच्याकडे कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त जमीन होती त्यांच्याकडची काढून घेऊन ती भूमिहीनांना वाटायची, असा हुकूम निघाला. सेमलखेडीच्या मोठ्या मालकाने आधीच मुलं, सुना, भाचे, मेहुणे सगळ्यांच्या नावावर शेतं करून ठेवली होती, फक्त म्हशींच्या नावावर करायची तेवढी राहिली होती. तरी काही उरलीच. आणि उरली ती कुठली, तर पश्चिमेकडची, चरनोईला लागून, दगडगोट्यांची. चांगली जमीन कोण सोडतंय! ती अकरा घरांना वाटली गेली.

शेवटचा तुकडा भेरूलाल आणि त्याची बायको कंचनबाई यांना मिळाला. कंचनबाई तेव्हा वीसेक वर्षांची होती. दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-कापणी करून जगणारं घर, त्यांच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर ढेकूळ नव्हतं. अण्णांनी चांद्यापासून लोखंडी साखळी, जरीब म्हणतात तिला, ओढायला लावली, आणि ही बाई साखळीच्या मागे मागे चालत राहिली. ऊन मी म्हणत होतं. तिला म्हटलं बस सावलीत, तर ऐकेना. मोजणारे वाटेत कुठेतरी अर्धा बिघा गिळून टाकतील असा तिचा पक्का समज होता.

शेवटचा कोपरा ठरला तेव्हा तिने डोक्यावरच्या टोपलीतून एक फुटकी घट्टी काढली. दळायच्या जात्याची खालची तळी, अर्धी तुटलेली. ती तिने त्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने खोल पुरली. अण्णा हसले, पण त्यांनी अडवलं नाही. मग त्यांनी मला जीपच्या बॉनेटवर पसरलं, शेवटची रेघ ओढली, आत आकडा घातला, २१४.

"म्हारी कां है?" तिने विचारलं. माझी कुठली, असं. अण्णांनी बोट ठेवलं. तिने तिथे आपला अंगठा टेकवला. अंगठ्याच्या नखाएवढा चौकोन, नख बरोबर मावलं, अंगठा थोडा बाहेरच आला. मातीचा डाग पडला तो माझ्या अंगावर कित्येक वर्षं होता. खरं सांगतो, मोर आला असता तर मला एवढा आनंद झाला नसता.

मग त्या शेताचं काय झालं ते मला अण्णांच्या बोलण्यातून आणि दरवर्षीच्या फेरीतून कळत गेलं. पहिली दोन वर्षं नुसते दगड वेचणं. त्या दगडांचाच बांध झाला. पावसाळ्यात मका, हिवाळ्यात गहू, बांधावर तुरीची ओळ, विहिरीच्या पाटाकडेला मिरची, मेथी, लसूण. बाजारात न्यायला फारसं काही नसायचं, पण चुलीवर रोज काहीतरी असायचं. भेरूलाल मधेच तापाने गेला. कंचनबाईने शेत सोडलं नाही. मोठ्या मालकाची माणसं एकदा बटाईने द्या म्हणून आली होती, त्यांना तिने पाणी पाजलं आणि परत पाठवलं.

आता येतो तो दसरा. १९९१ साल. अण्णा तेव्हा उज्जैनला फ्रीगंजात भाड्याच्या घरात राहायचे. पुंडलिकांच्या घरी दसऱ्याला ज्याची त्याची हत्यारं पुजायची रीत. मुलाची पाटी-पुस्तकं, स्वयंपाकघरातली विळी, आणि अण्णांची जरीब, पितळी पट्टी आणि मी. पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. दरवर्षी माझा मोठा मान असायचा, मी त्या दिवशी जरा ऐटीतच असायचो.

त्या वर्षी अण्णांच्या आई नव्हत्या, आदल्या वर्षीच गेलेल्या. पूजेचं सगळं पहिल्यांदाच अनसूयाबाईंच्या अंगावर आलं. अनसूयाबाई म्हणजे अण्णांची बायको, कामाला चोख, स्वच्छतेला त्याहून चोख. अण्णा सकाळी फुलं आणायला टॉवर चौकाकडे गेलेले. बाईंनी चामड्याच्या बस्त्यातून, म्हणजे अण्णांच्या दफ्तराच्या पिशवीतून, मला काढलं, वास घेतला आणि नाक मुरडलं. चामड्यात राहिलेला, गावभर फिरलेला, कुणाच्या गाडीवर पसरलेला, असा कसा देवासमोर ठेवायचा? सासूबाईंना चाललं असतं का? मग काय. गरम पाणी, रिठे, आणि मी त्यात.

अहो, काय सांगू तुम्हाला. सोळा वर्षांची खळ पाच मिनिटांत निघून गेली. अंग कसं सैल झालं, एकदम मोकळं वाटलं. मग गच्चीवर दोरीवर टांगलं, ऊन कडक. आणि तेव्हा माझ्या लांबीच्या धाग्यांनी इतक्या वर्षांचा ताण सोडला. मी आखडलो. फार नाही. आख्ख्या लांबीत मिळून दोन सेंटीमीटर, एका बोटाच्या जाडीएवढा. रुंदीकडून तर जवळजवळ नाहीच. शाई पक्की होती, एक रेघ फुटली नाही, एक आकडा पुसला नाही. कंचनबाईच्या अंगठ्याचा डाग तेवढा गेला.

अण्णा फुलं घेऊन आले आणि गच्चीच्या दाराशीच थबकले. हातातला झेंडू खाली पडला. जवळ येऊन त्यांनी एकेक रेघ पाहिली. मग कपाळाचा घाम पुसला, मला खाली नेलं, हलक्या हाताने इस्त्री केली. बायकोला ते एक शब्द बोलले नाहीत. ती बिचारी समजली, खूश झालेत. पितळी पट्टी तिथेच पाटावर होती, हाताच्या अंतरावर. अण्णांनी ती माझ्यावर ठेवली नाही. मी वाट पाहत होतो, आता ठेवतील, मग ठेवतील. नाहीच ठेवली.

माणसांची ही सवय मी पुढेही फार पाहिली. ज्याचं उत्तर नको असतं ते विचारायचंच नाही. अण्णा वाईट नव्हते हो. पायी फिरून फिरून त्यांना गाव तोंडपाठ होतं, कुणाचा बांध कुठे ते डोळे मिटून सांगत. मोजायचं झालंच तर शेजारच्या पक्क्या बांधावरून मोजत, माझ्यावरून नाही. त्यामुळे ते होते तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. पण २०१० साली ते निवृत्त झाले, बस्ता नव्या माणसाच्या हवाली केला, आणि तेव्हाही काही बोलले नाहीत.

नंतर संगणक आला. दफ्तरातल्या मूळ कागदी नकाशाला वाळवी लागलेली होती, म्हणून मलाच काचेवर पालथं घातलं, खालून उजेड गेला, झालं. गाव यंत्रात गेलं. यंत्रात माझी कड मावत नव्हती म्हणून ती वगळली. दोन रेघा, सही, सगळं बाहेर राहिलं. मी ओरडून सांगत होतो, अरे, ती कड घ्या, सगळं तिच्यातच लिहिलंय! कापडाचं ओरडणं कोण ऐकतंय. मग मला पंचायतीतल्या कपाटावर टाकून दिलं आणि मी तिथे दहा-बारा वर्षं धूळ खात पडलो. उंदराशी ओळख झाली ती तिथलीच.

परवा-परवाची गोष्ट, २०२३ ची. पंचायतीला चरनोईत गोशाळा बांधायची होती. भिंत घालायची तर आधी हद्द बघायला हवी. मशीन आली, काठीवर बसवलेली, आभाळातल्या उपग्रहांवरून मोजणारी. चांद्यापासून हिशेब धरला, आणि मशीन म्हणाली, कंचनबाई ज्या जमिनीत सत्तेचाळीस वर्षं नांगर घालतेय ती तिची नाहीच. ती चरनोई आहे. अतिक्रमण. पंधरा दिवसांत खाली करा, अशी नोटीस आली. गव्हाची पेरणी तोंडावर आलेली.

आता बघा, तिच्याकडे कागद होते. जमीन दिल्याचा सरकारी पट्टा होता, खात्याची बही होती. पण त्यात लिहिलेलं काय, तर क्रमांक २१४, अडीच बिघे. आता २१४ जमिनीवर कुठे आहे हे कागद सांगत नाही. ते फक्त मी सांगतो. आणि माझं ऐकायचं तर चांद्यापासून प्रत्येक शेत थोडं थोडं जवळ आलेलं. पूर्वेला फरक पाऊलभर, आणि पश्चिमेला, शेवटच्या टोकाला, ऐंशी मीटर. माझ्यावरचं एक बोट म्हणजे जमिनीवर कंचनबाईचं आख्खं शेत.

तिला सांगितलं, बाई, तुझं शेत ऐंशी मीटर अलीकडे आहे, तिकडे सरक. अलीकडे शेजाऱ्याची तूर उभी. तो म्हणाला, मग मी कुठे सरकू? अकरा घरांनी एकमेकांना ढकलत ढकलत चांद्यापर्यंत यायचं की काय! लोक हसले, पण कंचनबाई हसली नाही. तिची सून म्हणाली, आपण मोठ्या मालकाच्या नातवाकडे मजुरीला जाऊ. म्हातारी दोन दिवस जेवली नाही, हे मी कपाटावरून ऐकलं.

नशीब चांगलं की त्या वेळची पटवारी तेजस्विनी होती. उज्जैनचीच मराठी मुलगी, तिशीची, स्कूटीवरून गावात येणारी. नोटीस तिच्याच अहवालावर निघाली होती आणि तेच तिला टोचत होतं. कंचनबाई तिच्यासमोर येऊन बसली आणि भांडली नाही, रडली नाही, एवढंच म्हणाली की मी साखळीच्या मागे चालले होते. तेजस्विनी त्या रात्री झोपली नाही असं तिने पुढे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने पूर्वेची काही शेतं आणि पश्चिमेची आख्खी ओळ मोजून काढली. एकटी कंचनबाईच नव्हे, सगळीच ओळ सरकलेली. अकरा माणसं मिळून एकाच मापाने अतिक्रमण कसं करतील? तिने कपाटावर हात घातला, मला खाली ओढलं, झटकलं आणि शिंकली. मग कोपऱ्यातली सही वाचली.

त्याच संध्याकाळी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत, स्कूटीच्या हुकाला लटकून, उज्जैनच्या नानाखेड्यात अण्णांच्या घरी. इतक्या वर्षांनी वारा लागला, फार बरं वाटलं. अण्णा आता पंच्याहत्तरीला टेकलेले, मिशी पांढरी. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. तेजस्विनीने सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, "काका, पूर्वेकडची शेतं जागच्या जागी आणि पश्चिमेकडची ऐंशी मीटर इकडे. असं कसं होईल?"

अण्णा चष्मा काढून पुसत बसले. तेवढ्यात अनसूयाबाई चहा घेऊन आल्या आणि मला पाहून एकदम खुलल्या. "अगं बाई, हा अजून आहे? किती मळलाय परत! मी धुतला होता तेव्हा कसा स्वच्छ झाला होता."

तेजस्विनीने कप खाली ठेवला. "काकू, धुतला होता?"

हो ना, दसऱ्याला, असं म्हणून बाईंनी कौतुकाने सगळं सांगितलं. गरम पाणी, रिठे, गच्चीवरचं ऊन. तेजस्विनीने पर्समधून लोखंडी पट्टी काढली आणि माझ्या कडेच्या लांबीच्या रेघेवर ठेवली. अखेर! बत्तीस वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ती पट्टी. रेघ अण्णांनी वीसची ओढलेली, भरली एकोणीस सेंटीमीटर आणि सहा मिलिमीटर. मग रुंदीची रेघ मोजली. ती वीस.

अनसूयाबाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मोजलं असतं तर ठाऊक झालं असतं," अण्णा म्हणाले. "म्हणून मोजलं नाही."

मला वाटलं बाई आता कडाडतील. त्या खुर्चीत बसल्या. त्या म्हणाल्या, मला रागावला असतात तरी चाललं असतं, एक दिवस रडले असते आणि विसरले असते. माझी चूक तुम्ही पोटात घातलीत आणि ती त्या बाईच्या शेतात जाऊन पडली. अण्णांनी मान खाली घातली. इतकी वर्षं मी त्यांच्या काखेत फिरलो, पण त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेजस्विनीने खरी अडचण सांगितली. नुसत्या रेघेवर भागणार नाही. कुणीही म्हणेल की रेघ मुळातच चुकीची ओढली होती. ज्याने ओढली त्याने लिहून द्यायला हवं की ती वीसचीच होती, आणि लठ्ठा नंतर धुतला गेला, आणि हे वर कळवलं नाही. नोटिशीची मुदत चार दिवसांवर होती.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत एक ठपका नाही, हे वाक्य अण्णांनी माझ्यासमोर शंभरदा म्हटलं असेल. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल अजून कपाटात घडीत होती. आता स्वतःच्या हाताने ठपका लिहायचा. मला, खोटं कशाला बोलू, त्यांची दया आली.

अनसूयाबाई उठल्या, आत गेल्या, वही आणि पेन घेऊन आल्या आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

"धुतला मी. माझं नाव लिहा," त्या म्हणाल्या. "पण लिहा."

आणि अण्णांनी लिहिलं. दोन पानं, सुवाच्य हिंदीत, एकही खाडाखोड नाही. बायकोचं नाव एका ओळीत आणि स्वतःची चूक बाकी सगळ्या ओळींत.

तिसऱ्या दिवशी तहसीलदार जागेवर आले. आल्हादने, म्हणजे अण्णांच्या मुलाने, बँकेतून सुट्टी काढून आई-वडिलांना गाडीने आणलं. मला पुन्हा बॉनेटवर पसरलं, जीपच्या नव्हे, त्यांच्या गाडीच्या. तेजस्विनीने कडेच्या दोन्ही रेघांवरून नवा हिशेब मांडला आणि मशीनमध्ये घातला. मग ती मशीनची काठी घेऊन चालायला लागली. अकरा घरची माणसं बांधावर उभी. कंचनबाई तिच्या मागे मागे, अगदी त्या दिवशीसारखी, फक्त आता कमरेत वाकलेली.

तेजस्विनी थांबली. काठी टेकवली. म्हणाली, माझ्या हिशेबाने कोपरा इथे.

कंचनबाईने कुणालाही न विचारता सुनेच्या हातातली कुदळ घेतली. ती खणायला लागली. एक वीत, दोन वीत. काही नाही. तहसीलदारांनी घड्याळ पाहिलं. अण्णांचे ओठ हलत होते, माझे धागे पुन्हा ताणले गेले. ती हातभर डावीकडे सरकली आणि पुन्हा घाव घातला. दगडावर लोखंडाचा आवाज आला. मातीतून फुटक्या घट्टीची तळी वर आली, टाकीच्या खुणा अजून तशाच.

हातभर फरक. साडेतीन-चार किलोमीटर मोजून हातभर! तहसीलदार स्वतः खाली वाकून पाहून आले आणि तिथेच कागदावर लिहिलं, नोटीस रद्द, नकाशा दुरुस्त करा, गोशाळेची भिंत पलीकडे घ्या. सगळ्या बांधावरून एकदम बोलणं सुरू झालं. इतका वेळ कुणी श्वासच घेतला नव्हता बहुतेक.

अण्णा काठी टेकत कंचनबाईजवळ गेले आणि हात जोडून म्हणाले, "गलती मेरी थी, कंचनबाई." अनसूयाबाई मागून म्हणाल्या, धोया मैंने था. म्हातारीने दोघांकडे पाहिलं. मग घट्टीवरची माती पदराने पुसत तिने आपल्या मालवीत उत्तर दिलं, "जमीन तो वंईज पड़ी है. कपड़ोज सिकुड़ी गयो." जमीन आहे तिथेच आहे, कापडच आटलं. एवढं बोलली आणि बांधावर बसून रडली, तोंड पदरात घालून, अगदी पोटभर. तिला कुणी उठवलं नाही. निघताना तिने अनसूयाबाईंच्या पिशवीत मेथीची जुडी घातली.

आता मी पुन्हा कामावर आहे म्हणायला हरकत नाही. तेजस्विनीच्या टेबलाशेजारी पत्र्याच्या नळकांड्यात राहतो, उंदीर बंद. नवा नकाशा यंत्रात कडेसकट गेलाय. आणि माझ्या कडेला अण्णांनी तीच काळी शाई आणून लिहिलंय, "यह लट्ठा एक बार धुल चुका है. किनारे का पैमाना देखकर नापिए." खाली सही, सेवानिवृत्त पटवारी. अनसूयाबाई खांद्यावरून वाचत होत्या, म्हणाल्या, कुणी धुतला तेही लिहा की. मग त्याखाली आणखी एक ओळ आली, "धोया: सौ. अनसूया पुंडलिक." त्यांना त्याचा अभिमान वाटतो की काय कोण जाणे.

अण्णा आता बरे दिसतात. आल्हाद म्हणतो, हल्ली त्यांना झोप लागते.

तुम्ही कधी कुणाच्या जमिनीचा नकाशा उघडलात, तर मधलं गाव बघण्याआधी त्याची कड वाचा, बाबांनो. आणि कुणाची चूक पदरात पडली तर ती तिथेच मोजून घ्या, तिला पश्चिमेच्या टोकापर्यंत चालू देऊ नका. मी काही फार शहाणा नाही, पण एवढं मला कळलंय.

यंदाच्या दसऱ्याला अण्णा आणि अनसूयाबाई गावात आले होते. पंचायतीतल्या टेबलावर माझी पूजा झाली. बाईंनी कुंकू लावलं ते नळकांड्याला, मला नाही, आणि पाण्याचा तांब्या स्वतःच उचलून दाराबाहेर ठेवला. कंचनबाई आपल्या गव्हाचं पीठ घेऊन आली होती. तिने मला उघडायला लावलं आणि २१४ शोधून त्यावर पुन्हा अंगठा टेकवला. पन्नास वर्षांत तिचा अंगठाही आटलाय. या वेळी तो चौकोनात नीट मावला, आणि मातीचा डाग पुन्हा माझ्या अंगावर आहे.